मेडिकलवाले काका, हे तुमच्यासाठी

काका, तुम्ही फेसबुकवर असता की नाही माहीत नाही, पण तुमचा भाचा नक्की वाचून दाखवेल म्हणून इथंच लिहिते. समोर बोलायला गेलं की तुम्ही "असू दे गं, सुट्टे आहेत का" म्हणून विषयच बदलता.

२०१९ चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५, आणि आम्ही आपले "२००५ ला पण इथवर आलं नव्हतं" म्हणत बसलेलो. बोट आली तेव्हा आईनं सोनं घेतलं, कागदपत्रं घेतली, लोणच्याची बरणीसुद्धा घेतली (का ते तिलाच माहीत) आणि दादाच्या लिथियमच्या गोळ्या (त्याचा मूड स्थिर ठेवणाऱ्या) फ्रिजवरच राहिल्या. शाळेतल्या कॅम्पात रात्रभर लाईट, पोरांची रडारड, दादाला तीन रात्री झोप नाही, आणि बायपोलर (मूड कधी फार चढतो, कधी फार पडतो तो आजार) असलेल्या माणसाची झोप उडाली की पुढं काय होतं ते घरच्यांनाच ठाऊक. चौथ्या रात्री तो सगळ्यांना उठवून भाषण द्यायला लागला. लोक म्हणे याला बाहेर काढा, एक बाई म्हणाली उतारा टाका.

तुमचं स्वतःचं दुकान पाण्यात होतं हो! तरी येऊन त्याच्याशेजारी बसलात, त्याच्या डॉक्टरांकडून व्हॉट्सॲपवर चिठ्ठी मागवलीत, भाच्याला गोळ्या आणायला मिरजेला पिटाळलंत, झोपायला मागची अंधारी खोली मिळवून दिलीत. आणि मला बाजूला घेऊन सांगितलंत, याला प्यायला पाणी कमी पडू देऊ नको, जुलाब-उलट्या झाल्या, हात जास्त थरथरले, चालताना तोल गेला तर पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन, कारण अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं. इतकी वर्षं गोळ्या चालू होत्या, आम्ही हे कधी मनावरच घेतलं नव्हतं.

नंतरची ती झिपवाली पिशवी पण तुमचीच आयडिया. पंधरा दिवसांच्या गोळ्या, चिठ्ठीची झेरॉक्स, शेवटचा लिथियमचा रिपोर्ट आणि दादाच्याच अक्षरातला कागद, "गर्दीत माझा हात धरू नका, ओरडू नका, इयरफोन द्या." २०२१ च्या जुलैत पाणी ४० फुटांवर, म्हणजे नुसत्या इशारा पातळीवर आलं तेव्हाच आम्ही पिशवी उचलून विट्याला मावशीकडे. पुढं ते ५४ च्या वर गेलं, दादा तिकडं रोज दहाला झोपत होता.

आता गोळ्यांची एक्सपायरी तोच बघतो, मला हात लावू देत नाही. जूनच्या आधी पिशवी बदलायचीय म्हणतोय, रविवारी दुकान उघडं असतं का तेवढं कळवा.