स्वर्गातले ‘अहोरात्र’

मा. संपादक,
स. न.

बायबलमधला स्वर्ग म्हणजे अनंतकाळ एकाच ओळीचे पालुपद, असा सूर आपल्या अंकातील एका लेखात आहे. हा समज ख्रिस्ती मंडळींतही खोल रुजला आहे. ज्या वचनातून तो निघाला, ते वचन त्याच्या मूळ घरी नेऊन वाचले तर वेगळाच अर्थ हाती लागतो, म्हणून हे पत्र.

वचन आहे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले, प्रकटीकरण 4:8 (अध्याय 4, वचन 8). देवाच्या राजासनाभोवतीचे चार प्राणी ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ म्हणतात आणि त्यांना दिवसा व रात्री विसावा नाही. त्यांचे सहा पंख यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायातील सराफीम नावाच्या स्वर्गीय सेवकांचे आहेत. सिंह, गोऱ्हा, मनुष्य, गरुड ही रूपे आणि अंगभर डोळे यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातून आले. प्रकटीकरणाचा लेखक योहान बोलतो ती भाषाच यरुशलेमच्या मंदिराची, तेव्हा ‘अहोरात्र’चा अर्थही तिथेच शोधायला हवा.

बायबलच्या निर्गम या पुस्तकात (29:38-42) नित्याच्या होमार्पणाचे माप दिले आहे: एक वर्षाची दोन कोकरे, एक सकाळी, एक संध्याकाळी, प्रत्येकाबरोबर एक दशमांश एफा (धान्याचे माप) सपीठ, पाव हिन (द्रवाचे माप) तेल आणि पाव हिन द्राक्षारस. दिवसातून दोनच वेळा होणाऱ्या या अर्पणाला हिब्रूत ‘तामीद’, म्हणजे नित्य, म्हटले आहे. खंड न पडणे म्हणजे नेम न चुकणे. बायबलचेच 1 इतिहास हे पुस्तक (9:33) सांगते की लेवी, म्हणजे मंदिरसेवेच्या वंशातले, गायक रात्रंदिवस कामावर असत. पण त्याच पुस्तकाच्या 25व्या अध्यायात हे गायक 288 असून सेवेच्या पाळ्यांसाठी त्यांचे 24 वर्ग पाडले आहेत. याजकांचेही वर्ग 24. प्रकटीकरणात राजासनाभोवती बसलेले वडील, म्हणजे ज्येष्ठ जन, तेही चोवीसच का, याचे उत्तर अनेक अभ्यासक इथेच शोधतात.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, पण ती गळ्यात असणारा माणूस पहाऱ्यागणिक बदलतो. अखंड असते ती सेवा.

प्रकटीकरणातली उपासना एकसुरीही नाही. प्राणी गौरव करतात तेव्हा वडील पाया पडतात आणि आपले मुकुट राजासनापुढे ठेवतात (4:9-10). पाचव्या अध्यायात ‘नवे गीत’ सुरू होते, मग देवदूत कोकऱ्याला, म्हणजे ख्रिस्ताला, सात गोष्टी अर्पण करतात: सामर्थ्य, धन, ज्ञान, बळ, सन्मान, गौरव, धन्यवाद. मग सारी सृष्टी गाते आणि प्राणी फक्त ‘आमेन’ म्हणतात. सर्वांत महत्त्वाचे वचन 8:1: कोकऱ्याच्या हातातल्या गुंडाळीचा सातवा शिक्का फोडल्यावर स्वर्गात सुमारे अर्धा तास शांतता पसरते. त्यानंतर लगेच धूप आणि पवित्र जनांच्या प्रार्थना वर जातात. लूक 1:10 मध्येही आत धूप जळत असताना लोक बाहेर प्रार्थना करत उभे आहेत. ही शांतता उपासनेचाच भाग आहे.

एक अडचण टाळता येणार नाही. ‘दिवसा व रात्री विसावा नाही’ हेच ग्रीक शब्द 14:11 मध्ये श्वापदाला, म्हणजे देवाच्या शत्रूला, नमन करणाऱ्यांच्या यातनेसाठी आले आहेत. योहानाने ही जोडी मुद्दाम लावली असावी, कारण दोनच वचनांनंतर, प्रभूमध्ये मरणाऱ्यांना आपल्या कष्टांपासून विसावा मिळेल, असे तो लिहितो. सुटका कष्टांपासून आहे, सेवेपासून नाही. 7:15 व 22:3 मधले ग्रीक क्रियापद ‘लात्रेउओ’ मंदिरातल्या सेवेचे आहे. ‘गाणे’ हा त्याचा अर्थ नव्हे. शिवाय 22:5 म्हणते की तिथे रात्रच नसेल. मग ‘रात्रंदिवस’ घड्याळावर मोजायचे कसे?

इतिहासात हे नीट समजलेले लोक होते. पाचव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या ‘न झोपणाऱ्या’ संन्याशांनी स्तुती अखंड ठेवली ती गट पाडून. एक गट थांबे तेव्हा दुसरा सुरू करी. जर्मनीतल्या हर्नहूट गावच्या मोरावियन या प्रोटेस्टंट मंडळीत 1727 साली 24 पुरुष आणि 24 स्त्रियांनी प्रार्थनेसाठी एकेक तास वाटून घेतला आणि ती साखळी शंभर वर्षांहून अधिक चालली.

आपल्याकडच्या रात्रभराच्या उपासनांत मात्र दोन-तीन गायकच पहाटेपर्यंत ओढत राहतात. घसा बसतो, शब्द यांत्रिक होतात आणि तो थकवाच भक्तीचा पुरावा ठरतो. हे पाहून वाईट वाटते. 24 तासांची साखळी लावायची असेल तर तासाला दोघे नेमावेत, म्हणजे एक आला नाही तरी खंड पडत नाही. पहाटे दोन ते चार या वेळेची नावे सर्वांत आधी लिहून घ्यावीत, कारण साखळी तुटते ती तिथेच. पुढच्या जोडीने दहा मिनिटे आधी येऊन शेजारी बसावे. आणि मध्ये कुठेतरी अर्धा तास कोणीही काही बोलू नये.

आपला,
एक वाचक, वसई