भूज हा रणाच्या वाटेवरचा थांबा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत कच्छच्या सहलीविषयी आलेला सविस्तर लेख वाचला. धोरडोचे पांढरे रण, पौर्णिमेची रात्र, अजरखचे कापड, दाबेली हे सारे त्यात आहे. भूज शहराचा उल्लेख मात्र उतरण्याचे ठिकाण एवढ्यापुरताच आला आहे. हिवाळ्यात या वाटेने जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी भूजमध्ये एक पूर्ण दिवस थांबावे आणि भूकंपानंतर हे शहर पुन्हा कसे उभे राहिले ते पाहावे, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील पुनर्वसनाच्या कामावर मी काही वर्षे होतो आणि फेब्रुवारी २००१ मध्ये मदतपथकाबरोबर भूजला गेलो होतो.

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी, देशभर झेंडावंदन चालू असताना, ७.७ तीव्रतेच्या भूकंपाने कच्छ हादरले. भूकंपाचे केंद्र भचाऊ तालुक्यात चोबारीच्या परिसरात होते. सरकारी नोंदीप्रमाणे गुजरातमध्ये १३,८०५ माणसे मृत्युमुखी पडली. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीला निघालेली १८५ मुले आणि २० शिक्षक अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या इमारतींखाली गाडले गेले. भूजच्या तटबंदीतली वस्तीही तशीच दाट होती. दगडमातीच्या जुन्या भिंती समोरासमोर कोसळल्या आणि घरातून बाहेर धावलेल्यांनाही गल्लीने जागा दिली नाही. आम्ही तेथे पोहोचलो, तेव्हा गल्ली कुठे संपते आणि घर कुठे सुरू होते हे ओळखता येत नव्हते. ढिगाऱ्यावर उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ पायाखाली बोट दाखवून, येथे आमचा ओटा होता, असे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते.

त्यानंतर भूजने जे केले, ते पाहण्यासारखे आहे, आणि किल्लारी जवळून पाहिलेल्या माणसाला ते अधिक जाणवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर आपण लातूर-उस्मानाबादमधील ५२ गावे जुन्या जागेवरून उचलून नव्या जागी वसवली. घरे पक्की झाली, हे खरेच. पण रस्ते शहरासारखे रुंद आणि घरे एकमेकांपासून लांब झाली, शेत दूर पडले, भावकी विखुरली, आणि कित्येकांनी नव्या घराशेजारी पुन्हा पत्र्याचा आडोसा उभारून गुरे आणि चूल तिकडे नेली. आम्ही नकाशे काळजीने केले होते, पण गावकऱ्यांना पुरेसे विचारले नव्हते, हे मला आज मान्य करावे लागते. गुजरातमध्ये बहुसंख्य घरमालकांनी आपली घरे स्वतः बांधली. सरकारी मदत हप्त्यांनी बँकेत जमा होई आणि पुढचा हप्ता मिळण्याआधी अभियंता येऊन जोते, सळई, दारे-खिडक्यांवरचा लिंटेलचा पट्टा तपासून जाई. काही वर्षांनी पुन्हा गेलो, तेव्हा जुन्या शहरातील एका बाईंनी मला गच्चीवर नेऊन कॉलमच्या सळयांभोवती लोखंडी रिंगा किती अंतरावर घातल्या होत्या, हे बोटांनी मोजून दाखवले. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले होते; पण हप्ता अडकू नये म्हणून त्यांनी ते शिकून घेतले होते, आणि आता शेजारी कोणी बांधकाम काढले की तिथल्या रिंगाही त्या पाहून येतात.

शहराच्या आराखड्याचे काम याहून अवघड होते. तटबंदीतली वस्ती तशीच पुन्हा उभी राहू दिली असती, तर पुढच्या भूकंपात तेच झाले असते. पूर्ण हलवली असती, तर बाजार आणि शेजार दोन्ही मोडले असते. तेव्हा नगररचना परियोजनेचा मार्ग घेतला गेला. प्रत्येक भूखंडातून थोडी थोडी जागा घ्यायची, लहान भूखंडातून कमी आणि मोठ्यातून जास्त, आणि त्यातून बंद गल्ल्या मोकळ्या करून रस्ते काढायचे. बरीच कुटुंबे मुंद्रा रोड, रावलवाडी अशा नव्या वसाहतींत गेली, ज्यांना राहायचे होते ती जुन्या जागेच्या आसपासच राहिली. या पद्धतीचे मूळ १९१५ च्या मुंबई इलाख्यातील नगररचना कायद्यात आहे, म्हणजे ती आपलीही आहे. आपण ती फार थोडी वापरली. हे सारे सुरळीत झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. आराखडा ठरेपर्यंत जुन्या शहरात बांधकाम थांबलेले होते आणि लोक तंबूत चिडून बसले होते. सर्वांत मोठा अन्याय भाडेकरूंवर झाला. मदत घराच्या मालकीला जोडलेली असल्यामुळे पिढ्यान्पिढ्या थोड्या भाड्याने राहिलेली कुटुंबे हिशेबाबाहेर पडली. मुंबई-पुण्यात असे संकट आलेच, तर हाच प्रश्न आपल्यापुढे कितीतरी पटींनी मोठा होऊन उभा राहील.

शहराच्या कडेला भुजिया डुंगरावर ४७० एकरांत 'स्मृतिवन' उभारले असून ते २०२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेथील संग्रहालय चांगले आहे, पण माझे लक्ष टेकडीवरच्या बंधाऱ्यांनी वेधले. अडवलेल्या पाण्याच्या काठी मृतांच्या नावांच्या पट्ट्या लावलेल्या आहेत. मी गेलो त्या दिवशी एक कुटुंब एकेक पट्टी वाचत पुढे सरकत होते आणि नाव सापडल्यावर त्यांतल्या आजींनी पदराने ती पट्टी पुसली. जुन्या शहरात प्राग महालही अवश्य पाहावा. त्याचा आराखडा कर्नल विल्किन्स यांचा, ज्यांनी पुण्यातल्या लाल देवळाचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा, आराखडा केला. भूकंपात महालाची मोठी हानी झाली होती. आणि रणाकडे जाताना बन्नीच्या गवताळ प्रदेशातली 'भुंगा' नावाची गोल घरे दिसतील, तेव्हा मुलांना एवढे जरूर सांगावे की त्या भूकंपात पारंपरिक पद्धतीने नीट बांधलेली ही घरे बहुतांशी टिकली, कारण गोल भिंत आडवा धक्का सगळीकडे वाटून घेते.

आपल्या पुढील पुरवणीत कच्छचा कार्यक्रम छापताना पहिला दिवस भूजसाठी ठेवावा: सकाळी स्मृतिवन, दुपारनंतर हमीरसर तलावाच्या बाजूने जुन्या शहरात पायी. जमल्यास त्याच अंकात किल्लारीला कसे जावे, हेही द्यावे. औसा तालुक्यातले ते गाव पुण्याहून एका दिवसाच्या अंतरावर आहे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे