आधी व्होल्ट मोज, मग पार्ट बदल

प्रिय सुधीर,

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. बॅली कंपनीचं १९७९ सालचं पिनबॉल, म्हणजे गोळी उडवून गुण मिळवायचं खेळाचं यंत्र, घरात येणं ही मोठीच गोष्ट! पण ‘दिवे लागतात, आकडे येत नाहीत, खेळ सुरू होत नाही, म्हणून मदरबोर्डच बदलतो’ हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. कृपा करून अजून काही बदलू नकोस. इतक्या जुन्या यंत्रात बहुतेक वेळा दोष विजेच्या वाटेवरच सापडतो. बोर्ड बिचारा उपाशी असतो.

खेळाच्या फळीवरचे साधे दिवे लागतात, म्हणजे मेन फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मर जिवंत आहेत. पण हे दिवे ट्रान्सफॉर्मरच्या एसीवर थेट चालतात, त्यामुळे डीसीबद्दल त्यांच्यावरून काहीच कळत नाही. ते रेक्टिफायर बोर्डावरच, म्हणजे एसीची डीसी करणाऱ्या बोर्डावर, मोजावं लागेल. त्याच्या टेस्ट पॉइंटवर (मीटर टेकवायच्या खुणेच्या जागी) गोळी उडवणाऱ्या कॉइलसाठी साधारण ४३ व्होल्ट, आकड्यांच्या डिस्प्लेसाठी २३० आणि लॉजिकसाठी १२च्या आसपास मिळायला हवेत. या १२चे पुढे सोलेनॉइड ड्रायव्हर बोर्डावर (कॉइल चालवणाऱ्या बोर्डावर) ५ व्होल्ट होतात. पाचाचे पावणेपाच झाले तरी प्रोसेसर गडबडतो, म्हणून हे माप नीट घे. आणि जपून रे! डिस्प्लेच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही भार राहतो. मोजताना एक हात खिशात ठेव.

फ्यूज डोळ्यांनी पाहून पास करू नकोस. होल्डरमधून काढून मीटरने तपास, आणि होल्डरच्या पट्ट्या सैल पडल्यात का तेही बघ. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर जास्त अँपिअरचा कधीही घालू नकोस, नाहीतर फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळेल. सगळे कनेक्टर काढ, नवा फ्यूज घाल आणि एकेक जोडत जा. प्रत्येक जोडणीआधी प्लग काढायचा. ज्याने उडेल तिकडे शॉर्ट. काहीच जोडलेलं नसताना उडाला तर ब्रिज रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) गेला असं धर.

खरी मेख मात्र कनेक्टरमध्ये असते. इथे घाई करू नकोस. दिव्यांचा सगळा करंट दोन-चार पिनांमधून जातो. पिन सैल झाली की रोध वाढतो, रोधाने ती तापते, तापून आणखी सैल होते. प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर समजून जा. बोर्डाच्या मागे पिनेभोवती सोल्डरमध्ये बारीक गोल चीर दिसते, ती भिंग लावून शोध. बदलायचं तर पिना आणि वायरींची टर्मिनलं दोन्ही बदल. एकच बाजू नवी केलीस तर जुनी बाजू नवीलाही जाळते.

बॅलीच्या इंजिनिअरांचं मला मनापासून कौतुक वाटतं, कारण त्यांनी एमपीयू बोर्डावर, म्हणजे तू बदलायला निघालास त्या प्रोसेसरच्या बोर्डावर, एक छोटा एलईडी ठेवलाय. चालू करताच तो क्षणभर चमकतो, मग सात वेळा लुकलुकतो. सहावर थांबला तर ४३ व्होल्ट बोर्डापर्यंत पोचत नाहीत, असं पहिल्यांदा समज. सतत पेटून राहिला तर बोर्ड जागाच झालेला नाही. अशा वेळी त्याच्यापर्यंत ५ आणि १२ व्होल्ट येतात का ते बघ. ते बरोबर असतील तरच बोर्डावर संशय घे. त्यातही आधी निकेल-कॅडमियमची बॅटरी पाहा. हिरवट थर दिसला तर ती गळलीय. गळलेली नसली तरी कापून काढ, कारण पुढेमागे ती गळणारच.

आणखी एक, तुझ्याकडे २३० व्होल्टची वीज असेल तर ट्रान्सफॉर्मरचं टॅपिंग (किती व्होल्टची वीज घ्यायची ते ठरवणारी जोडणी) १२०चं राहिलेलं नाही ना, हे पुन्हा प्लग लावण्याआधीच बघ.

टेस्ट पॉइंटची मापं आणि एलईडी किती वेळा लुकलुकला ते लिहून पाठव. त्यावरून पुढे कुठे हात घालायचा ते ठरवू.

तुझाच,
अविनाश