साथीच्या नकाशावर तारीख कोणती?

नव्या श्वसनविषाणूंच्या प्रसारावरील लेखासोबतचा नकाशा (कालचा अंक) देशांना निदानाच्या तारखेनुसार रंगवतो. त्याने दिशाभूल होते. २०१५ मध्ये आखाती देशांतून दक्षिण कोरियात परतलेला मर्स या श्वसनविषाणूजन्य आजाराचा तिथला पहिला रुग्ण ४ मे रोजी उतरला. लक्षणे ११ मेपासून, निदान मात्र २० मे रोजी! मधल्या काळात तो अनेक रुग्णालयांत गेला. संसर्गाची साखळी १८६ जणांपर्यंत पोहोचली, ३८ दगावले. उतरताना लक्षणेच नव्हती, तिथे विमानतळावरची ताप तपासणी काय करणार? नोंदीत लक्षणांची तारीख, आधीच्या १४ दिवसांचा प्रवास आणि संसर्ग बाहेरचा की स्थानिक, असे स्वतंत्र रकाने हवेत. चाचण्याच न करणारा देश नकाशावर कोरा दिसतो, हेही तळटिपेत छापावे.

– एक वाचक, पुणे