कोअर फिरवण्याआधी सिग्नल उतरवायला शिकवलंत, काका!

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतला सिग्नल जनरेटर, फ्रीक्वेन्सी काउंटर आणि स्वतःचे सुट्टीचे शनिवार तुम्ही आम्हा हॅम (हौशी रेडिओ) मंडळींना दिलेत. घरी जोडलेला ४० मीटर बँडचा सुपरहेट (आलेला सिग्नल एका ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर आणणारा रिसीव्हर) आज ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ डायलवरच्या खुणांवर लागतो, ते तुमच्यामुळे. हे पत्र उघडपणे लिहितोय, कारण रिसीव्हरची सर्किटं जुळवण्याची, म्हणजे अलाइनमेंटची, तुमची पद्धत नव्याने रिसीव्हर बांधणाऱ्यांच्याही हाती पडायला हवी.

सगळ्यात मोलाचं होतं मीटर वाचणं. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांना, व्हॉल्यूम पूर्ण, जनरेटरच्या सिग्नलवर चढवलेला सूर (मॉड्युलेशन) ४०० हर्ट्झ, ३० टक्के. ४०० का, तर स्वस्तातले डिजिटल मीटर त्यावरच्या फ्रीक्वेन्सीला खात्रीचे राहत नाहीत. ८ ओहमच्या स्पीकरवर ०.६३ व्होल्ट म्हणजे ५० मिलिवॉट. आकडा त्यापुढे गेला की व्हॉल्यूमला हात न लावता जनरेटरच्या अटेन्युएटरने सिग्नल उतरवायचा. सिग्नल जोरदार असला की एजीसी (रिसीव्हरचा गेन आपोआप कमीजास्त करणारं सर्किट) गेन दाबून धरतो. मग कोअर (कॉइल ट्यून करायचा फेराइटचा स्क्रू) अर्धा फेरा फिरवला तरी आकडा जेमतेम हलतो आणि माणूस भलत्याच जागी थांबतो. अगदी क्षीण सिग्नलवर मात्र तेच शिखर स्पष्ट दिसतं. घरी केलेली बहुतेक अलाइनमेंट इथेच फसते, असं आम्हाला आता ठामपणे वाटतं.

आयएफसाठी (सिग्नल ज्या ठरलेल्या ४५५ किलोहर्ट्झवर आणला जातो तो टप्पा) गँगचा, म्हणजे ट्यूनिंगच्या जोड-कपॅसिटरचा, ऑसिलेटरकडचा भाग अर्थला (ग्राउंडला) जोडून रिसीव्हरचा ऑसिलेटर थांबवलात आणि ०.०१ मायक्रोफॅरडमधून ४५५ किलोहर्ट्झ मिक्सरच्या (सिग्नल आणि ऑसिलेटर मिसळणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) बेसवर दिलेत. तो कपॅसिटर घालायचा राहून गेला तर जनरेटरचं ५० ओहम आउटपुट बेसचा बायस खाली ओढतं आणि मिक्सर गप्प होतो. जनरेटरच्या डायलवर न विसंबता ४५५ काउंटरवर बघायचं. मग काळा आयएफटी (आयएफचा ट्रान्सफॉर्मर), पांढरा, शेवटी पिवळा, आणि पुन्हा एकदा तोच क्रम. स्टीलचा स्क्रूड्रायव्हर खाचेत असेपर्यंत ट्यूनिंग वेगळं आणि काढला की वेगळं. शिवाय फेराइटची खाच तुटते ती तुटतेच. म्हणून विणायची प्लास्टिकची सुई कानशीने चपटी करून दिलीत. टोकाला जेमतेम दोन मिलिमीटर रुंद असलेली ती सुई आता आमच्या पेटीतलं सर्वांत लाडकं हत्यार आहे.

ऑसिलेटरला वेळ लागतोच. गँग पूर्ण मिटवून डायलवरचं ७.००० कॉइलच्या कोअरने, पूर्ण उघडून ७.२०० ट्रिमरने (छोट्या जुळवणी-कपॅसिटरने). एक टोक बसवलं की दुसरं सरकतं, म्हणून दोन्ही जागेवर टिकेपर्यंत आलटून पालटून. काउंटर नेहमी बफरनंतर लावायचा. थेट लावला तर केबलची कपॅसिटीच ऑसिलेटरला खाली ओढते. याच टोकांजवळ अँटेना कॉइल आणि तिचा ट्रिमरही जुळवायचे.

आणि इमेज, म्हणजे नको असलेला जुळा सिग्नल! ७.१०० ऐकताना ऑसिलेटर ७.५५५ वर असतो, म्हणजे ८.०१० वरचा सिग्नलही ४५५ होऊनच आत येतो. एका ट्यून्ड सर्किटचा क्यू (निवडकपणाचा आकडा) ५० धरला तर तो साधारण २२ डीबीच दबतो, म्हणून तुम्ही मिक्सरच्या आधी दोन सर्किटं घालायला लावलीत. जनरेटर ८.०१० वर नेऊन तेवढ्याच आवाजासाठी सिग्नल किती डीबी वाढवावा लागतो, ते मोजायचं. तिथेच आवाज जास्त निघाला तर अँटेना कॉइल इमेजवर बसलीय, असं समजून ती पुन्हा लावायची.

बीएफओ (आवाज पुन्हा उभा करायला लागणारा दुसरा ऑसिलेटर) ४५३.५ किलोहर्ट्झवर का, हे तर तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत. ४० मीटरवर बोलण्यासाठी एलएसबी (खालची साइडबँड) चालते. मुख्य ऑसिलेटर सिग्नलच्या वर असल्याने साइडबँड उलटून आयएफमध्ये वरची होते, म्हणून बीएफओ तिच्या खाली. मॉड्युलेशन बंद करून जनरेटर ४५३.५ वर ठेवायचा आणि शिट्टी उतरत उतरत शून्य बीटला येईपर्यंत (ऐकू येईनाशी होईपर्यंत) बीएफओचा कोअर फिरवायचा.

कोअर हलू नयेत म्हणून प्रत्येकावर मेणाचा एकेक थेंब टाकलाय. येत्या शनिवारी रिसीव्हर तुमच्याकडे घेऊन येतो. संध्याकाळी बँड उघडला की हेडफोन आधी तुम्ही लावा.

७३ (हॅम मंडळींच्या भाषेत शुभेच्छा),
तुमची हॅम मंडळी