एक दाढ काढली, एक राहू दिली: डॉक्टर, तुमचे आभार

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

दाढ काढून दीड महिना झाला. काल पहिल्यांदा डाव्या बाजूनं ज्वारीची भाकरी नीट चावून खाल्ली आणि जेवतानाच ठरवलं, आज तुम्हाला लिहायचंच.

एकसष्टाव्या वर्षी अक्कलदाढा काढायच्या का, हे विचारायला आले तेव्हा मी फार घाबरले होते. आधीच्या दवाखान्यात पाच मिनिटांत सांगितलं होतं, चारही काढून टाकू. घरात लेक म्हणे काढ, हे म्हणत दुखत नाही तर हात कशाला लावायचा.

तुम्ही जबड्याचा तो मोठा एक्स-रे उजेडासमोर धरलात आणि पेन्सिलीचं टोक फिरवत एकेक दाढ दाखवलीत. वरच्या दोन्ही सरळ, त्यांचा त्रास नाही. खालची उजवी हाडात पूर्ण आडवी, आणि मुळांना खेटून गेलेली नस. ती दुखावली तर ओठ, हनुवटी बधिर राहू शकते. विशीच्या आसपास मुळं बऱ्याचदा पुरती तयार झालेली नसतात, हाडही मऊ असतं. साठीत ते टणक होतं आणि जखम सावकाश भरते. "इतकी वर्षं ती गप्प आहे, आजूबाजूला काही बिघाड नाही. राहू द्या, अधूनमधून फोटो काढून बघत जाऊ." डावी मात्र अर्धीच वर आलेली. हिरडीच्या पदराखाली अन्न अडकून वर्षातून दोनदा सूज यायची, ती हिचीच. शेजारच्या चांगल्या दाढेला मागून कीड लागली होती, तो काळसर डाग मला स्पष्ट दिसला.

मग तुम्ही विचारलंत, "हाडांसाठी काही गोळी चालू आहे का?" आठवड्याची एक गोळी मी चार वर्षं घेतेय. तिचा दाताशी संबंध असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं, आधी कुणी विचारलंही नव्हतं. अशा गोळ्या चालू असताना दाढ काढली तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, हे सांगून तुम्ही माझ्यासमोरच हाडांच्या डॉक्टरांना फोन लावलात. एवढं करूनही "काढाच" म्हणाला नाहीत. आठ दिवस विचार करा म्हणालात. त्या आठ दिवसांत माझी भीती गेली, डॉक्टर.

काढली त्या रात्री साडेनऊला तुमचा फोन आला. रक्त थांबलं का, आज चूळ भरू नका, उद्यापासून मिठाचं कोमट पाणी. ह्यांनी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं, अजून तिथंच आहे.

उजव्या दाढेच्या फोटोसाठी जूनमध्ये येते. येताना परसातल्या शेवग्याच्या शेंगा आणीन.

तुमची,
डाव्या दाढेची पेशंट