डोंगराला मालक नसतो, म्हणालास

साल्ता, आर्जेन्टिना
१२ मे

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार.

कोकणकड्यावर आपण पालथे पडून खालचं धुकं बघत होतो, तेव्हा तू म्हणाला होतास, "बाकी सगळ्याला मालक असतो, डोंगराला नसतो." मी मान डोलावली होती. इतकी वर्षं भूगोल शिकवताना मीही तेच धरून चाललो होतो. काल दुपारी इथल्या वस्तुसंग्रहालयातून बाहेर पडल्यापासून मात्र तुझं ते वाक्य मनातून जात नाही. फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

आधी पेरूतल्या कुस्कोबद्दल. गाव ३,४०० मीटरवर आहे. पोचल्या दिवशी डोकं इतकं ठणकत होतं की जिना चढवेना. खाणावळीतल्या बाईंनी गरम पाण्यात कोकाची पानं टाकून आणून दिली. जरा तुरट, गवती चवीचा तो काढा मी तीन दिवस प्यायलो. हे पान लक्षात ठेव.

स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या इंकांची ही राजधानी. त्यांच्या साम्राज्याचं नाव तावान्तिनसुयु, म्हणजे एकत्र जोडलेले चार प्रदेश. गावाच्या मध्यावर सूर्याचं देऊळ होतं, कोरिकांचा. तिथून ४१ अदृश्य रेषा चहूकडे निघत, त्यांना सेके म्हणत. प्रत्येक रेषेवर पूजेची ठिकाणं असत, ती वाका. बेर्नाबे कोबो नावाच्या पाद्र्याने १६५३ साली ती यादी उतरवून ठेवली, त्यात सव्वातीनशेहून अधिक वाका आहेत. आता मला ज्याने थांबवलं ते ऐक: त्यातले बहुतेक वाका म्हणजे झरे आणि खडक. बांधलेली देवळं थोडीच. एखादा ओढ्याचा उगम, एखादी वेगळ्या आकाराची शिळा, खिंडीतली जिथून कुस्को पहिल्यांदा दिसतं ती जागा. आणि कोणत्या रेषेवरची पूजा कोणत्या घराण्याने करायची, हे ठरलेलं. म्हणजे झऱ्याशी तुझं नातं काय, यावरून दरबारात तुझी जागा कुठली हे कळायचं. आपल्याकडे गावजत्रेत पालखीचा पहिला मान कुणाचा यावरून पिढ्यान्‌पिढ्यांची गणितं चालतात ना, तेच इथे अख्ख्या खोऱ्यावर मांडलेलं होतं.

कुस्कोजवळ वानाकाउरे नावाचा डोंगर आहे. इंकांच्या मूळ पुरुषांपैकी एक भाऊ तिथे दगड होऊन राहिला, अशी त्यांची कथा. राजघराण्यातली मुलं वयात आली की डिसेंबरातल्या उत्सवात त्या डोंगरावर जात, धावण्याच्या शर्यती होत, मग त्यांचे कान टोचले जात. त्या दगडाला भेटल्याशिवाय मुलगा इंका व्हायचा नाही. एखादा प्रांत जिंकला की तिथला मुख्य देव कुस्कोला आणून ठेवायचे. मान द्यायचे, नैवेद्य द्यायचे, पण ठेवायचे आपल्यापाशी. त्या प्रांताने बंड केलं तर त्याच्या देवाला भर चौकात फटके मारत, असं स्पॅनिश लेखकांनी नोंदवलंय. आणि देव उलटला तर? आतावाल्पा या इंका राजाने भावाशी चाललेल्या लढाईबद्दल वामाचुकोच्या कातेकिल या देवाला कौल मागितला. कौल विरोधात गेला. राजाने स्वतः जाऊन मूर्तीचं डोकं उडवलं, पुजाऱ्याला मारलं, डोंगराला आग लावली. डोंगराचं म्हणणं राजाला इतकं झोंबलं, कारण लोक ते ऐकणार हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याच सुमारास, नोव्हेंबर १५३२ मध्ये, स्पॅनिशांनी त्याला काहामार्कात पकडलं.

पुढचं तुला ठाऊक आहे, राज्य स्पॅनिशांच्या हाती गेलं. कोरिकांचाच्या भिंतींवर चर्च उभं राहिलं. १९५० च्या भूकंपात वरचं बांधकाम बरंच कोसळलं आणि खालच्या इंका भिंती तशाच उभ्या राहिल्या. मी हात लावून पाहिल्या. सांध्यात नख जात नाही.

आता साल्ता.

इथून पश्चिमेला, चिलीच्या सरहद्दीवर, यूयायाको नावाचा ज्वालामुखी आहे. उंची ६,७३९ मीटर. १९९९ साली जोहान राइनहार्ड आणि कोन्स्तान्सा सेरुती या पुरातत्त्वज्ञांच्या तुकडीला शिखराजवळ तीन मुलं सापडली. सुमारे ५०० वर्षांपूर्वीची, थंडीने आणि कोरड्या हवेने जशीच्या तशी राखलेली. एक साधारण तेरा वर्षांची मुलगी, आणि दोन लहान, एक मुलगा, एक मुलगी. संग्रहालयात एका वेळी एकालाच दाखवतात, बाकीची दोघं अंधारात, गोठणबिंदूच्या खूप खाली. काल मोठी मुलगी होती.

मधू, ती मांडी घालून बसली आहे. मान किंचित खाली. केसांच्या बारीक बारीक वेण्या, कितीतरी. शाळेच्या दिवशी सकाळी मी सानिकाच्या वेण्या घालायचो ते आठवलं, आणि मला वाटलं या कुणी घातल्या असतील? ओठाजवळ कोकाच्या पानाचे कण अजून आहेत. तेच पान, जे मी कुस्कोत तीन दिवस प्यायलो.

तिच्या केसांनीच तिचं शेवटचं वर्ष सांगितलं. केस वाढतात तसं खाल्लेल्याची खूण त्यात राहत जाते. मरणाच्या साधारण वर्षभर आधी तिचं जेवण बदललं. बटाट्यावर वाढलेल्या मुलीला मका आणि मांस मिळू लागलं, म्हणजे मोठ्या लोकांचं अन्न. त्याच सुमारास कोकाचं प्रमाण एकदम चढलं, आणि शेवटच्या आठवड्यांत मक्याची दारू. तिला निवडलं होतं, खाऊपिऊ घातलं होतं, सजवलं होतं, आणि वर नेऊन झोपवलं होतं. मुलांचा बळी देण्याच्या या विधीला कापाकोचा म्हणत.

मुलांजवळ सोन्याच्या, चांदीच्या छोट्या मूर्ती होत्या, रंगीत पिसं होती, आणि लाल शिंपल्यात कोरलेल्या मूर्ती. हा शिंपला उबदार समुद्रातला, इक्वेडोरच्या बाजूचा. पाऊस बोलावतो असं मानत. विचार कर, समुद्राच्या तळाची वस्तू जवळजवळ पावणेसात हजार मीटरवर. हे कुठल्या एका गावाला जमणार नाही. त्यासाठी रस्ते लागतात, लामांचे तांडे, कोठारं, हुकूम लागतो. खालच्या वाळवंटात राहणाऱ्याला पाणी म्हणजे त्या शिखरावरचा बर्फ. त्या डोंगराला तो आधीपासून हात जोडत होताच. इंकाने एवढंच केलं, की त्या नमस्काराच्या वाटेत स्वतः जाऊन बसला. डोंगराशी आता कुस्कोच्या परवानगीने बोलायचं. मला वाटतं त्यांचं सगळं राज्य या एका गोष्टीवर उभं होतं, सैन्याइतकंच.

आणि आईबाप? यावर एक गोष्ट लिहिलेली सापडते. ओक्रोस नावाच्या गावातल्या काके पोमाची मुलगी तान्ता कार्वा, दहा वर्षांची, देखणी. बापाने तिला देऊ केलं. ती कुस्कोला गेली, राजाने तिचा सत्कार केला, ती परत आली तेव्हा वाटेत उत्सव झाले. आता मला संपवा, कुस्कोत झाला त्याहून मोठा सन्मान मला मिळणार नाही, असं ती म्हणाल्याची आठवण गावात टिकून होती. तिला उंच डोंगरावर नेऊन जिवंत चिणलं. बापाला कुराका, म्हणजे त्या भागाचा प्रमुख, करण्यात आलं, आणि ते पद त्याच्या वंशात राहिलं. १६२१ च्या सुमारास एका पाद्र्याने हे लिहून घेतलं, तोवर लोक तिला देवी मानून कौल मागत होते. तिच्या नावाने बोलणारे तिच्याच घरातले, बारीक मुलीच्या आवाजात.

मी त्या बापाला लोभी म्हणू शकत नाही. त्याचा विश्वास खरा असेल. पण ज्या व्यवस्थेत खऱ्या विश्वासाची किंमत पोटच्या मुलीत मोजून घेतली जाते आणि मोबदल्यात गावाची गादी मिळते, तिचा मला राग येतो. पाचशे वर्षांनंतरही येतो. काचेसमोर उभं राहून तो आला.

तुला आजीची शीतळासप्तमीची कहाणी आठवते? आटपाट नगरच्या राजाने तळं बांधलं, पाणी लागेना. जलदेवतांनी सुनेचा थोरला मुलगा मागितला. राजाने सुनेला माहेरी धाडलं, नातवाला न्हाऊ घातलं, जेवू घातलं, दागिने घातले, पलंगावर निजवून पलंग तळ्यात ठेवला. तळं भरलं. लहानपणी मी पुढच्या भागाची घाई करायचो, म्हणून ही चार वाक्यं कधी नीट ऐकलीच नाहीत. काल ती एकेक करून समोर आली: न्हाऊ घातलं, जेवू घातलं, सजवलं, निजवलं.

पण आपल्या कहाणीत आई तळ्यावर येते.

मी पुढच्या आठवड्यात घरी पोचतो. पावसाच्या आधी कोकणकड्यावर जाऊ, तिथे तुझ्याशी भांडायचं आहे. पण त्याआधी तुझ्या घरी येईन. काकूंना ती कहाणी अजून पूर्ण येते ना? मला त्यांच्या तोंडून ऐकायची आहे, सून पूजा करून निघते, पाय कुणीतरी ओढतंय म्हणून बघते तर तिचाच मुलगा, तिथपर्यंत.

तुझा,
विनायक